निगमन की विगमन? युक्तिवाद ओळखायचा कसा, तोलायचा कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत अकरावी-बारावीच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवताना दर जूनमध्ये तेच प्रश्न येतात. निम्मे मुलांचे, निम्मे फी भरायला आलेल्या पालकांचे. तीच उत्तरं देऊन घसा बसायला लागला, म्हणून एकदाची लिहून काढली.

निगामी आणि विगामी युक्तिवादांत फरक काय? थोडक्यात सांगा.

दोन म्हणी आठवा. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार" आणि "शितावरून भाताची परीक्षा".

पोहऱ्यात येईल ते आडातूनच येईल, हे तुम्ही मान्य केलंत. आड कोरडा आहे, हेही मान्य केलंत. आता पोहरा रिकामा येणार हे नाकारायची सोय तुमच्याकडे उरली नाही. हा निगामी युक्तिवाद. आधारविधानं मान्य केली की निष्कर्ष गळ्यात पडतोच.

भाताचं तसं नाही. एक शीत बोटांत दाबून पाहिलं आणि अख्ख्या पातेल्याबद्दल बोललो. वरचं शीत शिजलंय आणि मधल्या भातात कणी राहिलीय, असं होऊ शकतं. क्वचित होतं, पण होऊ शकतं. हा विगामी युक्तिवाद. आधार खरे असूनही निष्कर्ष खोटा निघायला जागा राहते. ती जागा किती मोठी, हाच पुढचा सगळा विषय.

कुठे नैगमनिक-वैगमनिक लिहिलेलं असतं, कुठे आगमन. हे वेगळे प्रकार आहेत का?

नाही. नैगमनिक म्हणजेच निगामी, वैगमनिक म्हणजेच विगामी. हिंदी पुस्तकांत विगमनाला आगमन म्हणतात. स्पर्धा परीक्षेची हिंदी गाइडं वाचणाऱ्यांचा तिथे घोटाळा होतो, एवढंच.

सामान्याकडून विशेषाकडे गेलं की निगमन, विशेषाकडून सामान्याकडे गेलं की विगमन, असं आम्ही पाठ केलंय. ते चूक आहे का?

अर्धवट आहे, आणि अर्धवट गोष्ट पाठ झाली की ती पुसायला दुप्पट वेळ लागतो. पुष्कळ उदाहरणांत हा नियम चालतो, म्हणूनच तो टिकून राहिलाय. (हेही विगमनच, आणि कच्चं.)

गेले तीन रविवार कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बंद होता, म्हणून येत्या रविवारीही बंद असेल. इथे सामान्य विधान कुठेच नाही. विशेषाकडून विशेषाकडेच गेलो, तरी युक्तिवाद विगामी आहे. आता उलटं बघा. सोमवारी पाऊस झाला, मंगळवारी झाला, असं करत रविवारपर्यंतचे सातही दिवस वहीत नोंदवले आणि म्हटलं, "म्हणजे त्या आठवड्यात रोज पाऊस झाला." विशेषाकडून सामान्याकडे गेलो, पण एकही दिवस सोडलेला नाही. आठवड्याला सातच दिवस असतात, त्यामुळे निष्कर्षाला निसटायला जागाच नाही. हे निगमन आहे.

तेव्हा प्रवास कुठून कुठे झाला ते बघू नका. आधारांनी निष्कर्षाची हमी घेतलीय की नुसता भरवसा दिलाय, ते बघा.

"नक्की", "बहुधा", "अर्थातच" अशा शब्दांवरून ओळखता येईल?

पुण्यात राहून "नक्की" या शब्दावर विसंबता? "नक्की येतो" म्हणून गेलेले किती जण परत आले, मोजा. शब्द बोलणाऱ्याचा आव दाखवतात. युक्तिवादाची ताकद त्यांवरून कळत नाही.

मग खात्रीनं ओळखायचं तरी कसं?

एकच चाचणी पुरते. आधारविधानं सगळीच्या सगळी खरी धरा. मग डोळे मिटून असं जग उभं करता येतं का बघा, की ज्यात ती खरी आहेत आणि निष्कर्ष मात्र खोटा आहे. असं जग उभंच राहत नसेल, तर निगमन वैध. उभं राहत असेल, तर दोनच शक्यता: एक तर हे फसलेलं निगमन आहे, नाहीतर बोलणाऱ्यानं हमी दिलेलीच नव्हती, म्हणजे विगमन आहे.

नारायण पेठेतल्या कुणालाही विचारा: खडकवासल्यातून पाणी मोठ्या प्रमाणात सोडलं की मुठा नदीवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि वाहतूक थांबवतात. आता कुणी म्हणालं, "पूल बंद आहे, म्हणजे धरणातून पाणी सोडलंय." बरोबर?

हमी म्हणून घेतलंत तर साफ चूक. २०२५ च्या उन्हाळ्यात मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी भिडे पूल बंद ठेवला होता, तेव्हा नदीत पाण्याचा पत्ता नव्हता. "क असेल तर ख, ख आहे, म्हणून क" हा साचाच तुटका. पण हेच वाक्य जुलैत, घाटमाथ्यावर दोन दिवस कोसळून झाल्यावर, "बहुधा पाणी सोडलं असणार" अशा अर्थानं कुणी म्हटलं, तर ते चांगलं विगमन आहे. वाक्य तेच, दावा वेगळा.

बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळत नसेल, तर त्याच्या बाजूनं अर्थ लावा. ज्या रूपात युक्तिवाद जास्त तग धरतो ते रूप आधी तपासा. कट्ट्यावर हा नियम कुणी पाळत नाही हे मला माहीत आहे.

बाकी या पुलावरून एक वैध निगमनही मिळतं: "वाहनं पुलावरून सरळ जातायत, म्हणजे मोठा विसर्ग नाही." ख नाही, म्हणून क नाही. हा साचा शंभर टक्के चालतो, फक्त पहिलं विधान खरं हवं.

वैध म्हणजेच खरं ना?

वर्गात सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, त्यामुळे इथे थांबून वाचा.

खरं किंवा खोटं असतं ते विधान. वैध किंवा अवैध असतो तो युक्तिवाद. "हे विधान वैध आहे" असं म्हणणं म्हणजे "हा रस्ता आंबट आहे" म्हणण्यासारखं.

हे घ्या: सर्व पुणेकर दुपारी १ ते ४ झोपतात. मी पुणेकर आहे. म्हणून मी दुपारी १ ते ४ झोपतो. पूर्ण वैध. पहिलं विधान बाहेरगावच्यांनी पसरवलेलं आहे आणि तीन वाजता माझी बॅच असते, तरीही वैध. कारण *जर* ती दोन विधानं खरी असती, तर निष्कर्ष खरा झाल्याशिवाय राहिला नसता. वैधता फक्त ही "जर-तर"ची गाठ तपासते. गाठीच्या दोन्ही टोकांना काय बांधलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आता उलटं: सिंहगड पुणे जिल्ह्यात आहे. काही किल्ले पुणे जिल्ह्यात आहेत. म्हणून सिंहगड किल्ला आहे. तिन्ही विधानं खरी. दरवर्षी निम्मा वर्ग "वैध" म्हणून हात वर करतो. मग मी फळ्यावर फक्त एक शब्द पुसतो आणि त्या जागी "पाषाण तलाव" लिहितो. पाषाण तलाव पुणे जिल्ह्यात आहे. काही किल्ले पुणे जिल्ह्यात आहेत. म्हणून पाषाण तलाव किल्ला आहे.

वर्ग हसतो. साचा तोच, आधार दोन्ही खरे, निष्कर्ष खोटा. एकदा तरी असं झालं की साचा बाद, मग सिंहगडाच्या बाबतीत निष्कर्ष खरा निघाला तो साच्याच्या पुण्याईनं नव्हे. संशय आला की ही अदलाबदलीची युक्ती करा. नियमांची यादी पाठ करण्यापेक्षा मला ती भरवशाची वाटते.

आणि "पक्का" युक्तिवाद?

वैध निगमन, वर सगळी आधारविधानं प्रत्यक्षात खरी. दोन्ही अटी हव्यात. माझ्या झोपेचा युक्तिवाद पहिल्या अटीत पास, दुसरीत नापास. सिंहगडाचा दुसरीत पास, पहिलीत नापास. दोन्ही कच्चेच. काही जण याला "सुदृढ" म्हणतात, मी वर्गात "पक्का" म्हणतो.

एक लक्षात घ्या: कच्च्या युक्तिवादाचा निष्कर्ष खोटाच असतो असं नाही. "तुझा युक्तिवाद चुकला, म्हणून तुझं म्हणणं चूक" हीसुद्धा एक चूकच आहे. सिंहगड किल्लाच आहे.

विगामी युक्तिवाद वैध असतो की अवैध?

तो प्रश्न त्याला लागू नाही. वैधता दिव्याच्या बटणासारखी, चालू किंवा बंद. विगमन बळकट किंवा कमकुवत असतं, आणि त्याला रेग्युलेटर असतो, पंख्यासारखा. त्यातही दोन पायऱ्या: आधार खरे धरले तर निष्कर्ष कितपत संभवनीय, आणि आधार खरोखर खरे आहेत का. दोन्हींत उतरलं तर त्याला खात्रीलायक म्हणू.

पण बळकट की कमकुवत, हे कशावरून ठरवायचं?

यावर माझी स्वतःची फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, एका टेंपोवाल्याकडून हापूसची पाच डझनांची पेटी घेतली. मी तर्कशास्त्राचा मास्तर, त्यामुळे न तपासता घेणार नाही. वरच्या थरातले चार आंबे उचलले, देठाशी वास घेतला, अंगठ्यानं हलकेच दाबले. रंग, वास, सगळं फर्मास. घरी येऊन पेंढा बाजूला केला तर खालच्या थरात लहान, हिरवट फळं, दोन डागी. पिकल्यावर कापली तर निम्म्यांत साका.

मी आईला म्हटलं, "चार बघितले होते गं." ती म्हणाली, "शितावरून भाताची परीक्षा होते, आंब्यांची नाही. भात आपण ढवळलेला असतो. पेटी त्यानं रचलेली असते."

नमुना कसा निवडावा यावर मी एक अख्खा धडा शिकवतो, आणि तो तिनं स्वयंपाकघरात दोन वाक्यांत संपवला. एका शितावरून पातेल्याचं अनुमान बळकट का? तांदूळ एकाच पोत्यातला, पाणी तेच, आच तीच, आणि कुठलं शीत वर यावं हे कुणी ठरवलेलं नाही. पेटीत मात्र कुठला आंबा वर यावा हे ठरवणारा माणूस होता, आणि त्याचा त्यात फायदा होता. मी चारऐवजी वरच्या थरातले बाराही बघितले असते तरी फसलोच असतो. नुसती संख्या वाढवून भागत नाही. खालच्या थरातला एकच आंबा त्या बाराला भारी पडला असता.

तेव्हा आधी विचारा की नमुना कुणी निवडला. मग किती, आणि कुठून कुठून. एकाच पेठेतल्या पाचशे जणांना विचारून "पुणेकरांना असं वाटतं" म्हणू नका, हडपसर आणि पिंपळे सौदागरलाही माणसं राहतात. तिसरं म्हणजे निष्कर्षाचा घास केवढा घेतलाय. "या पेटीतले बरेच आंबे चांगले असतील" आणि "यातला एकही आंबा खराब नाही" यांत आधार तेच असले तरी पहिला दावा जास्त तगतो. दावा जेवढा मोकळा, तेवढा तो पेलायला सोपा.

आणि शेवटचं, जे लोक हटकून विसरतात: माहीत असलेली एखादी गोष्ट दडवली तर नाही ना? वैध निगमनात नवं आधारविधान कितीही घाला, ते वैधच राहतं. विगमन एका नव्या माहितीनं आडवं होतं. "हा टेंपोवाला उद्या इथे नसणार" एवढं मला कुणी सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

एकामागोमाग एक घडलं म्हणजे पहिल्यामुळे दुसरं घडलं, असं म्हणता येईल?

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय. कारणाचा दावा करायचा तर निदान एवढं बघा: कावळा न बसताही फांद्या मोडतात का, आणि कावळे बसूनही न मोडलेल्या फांद्या किती. "अमुक काढा घेतला आणि तीन दिवसांत सर्दी गेली" म्हणणाऱ्याला विचारा, काढा न घेणाऱ्यांची किती दिवसांत जाते.

हवामान खात्यानं पाऊस सांगितला आणि ऊन पडलं. मग त्यांचं विगमन कमकुवतच ना?

एका दिवसावरून नाही ठरत.

पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली आणि पाऊस पडला नाही, तर उरलेले ३० टक्के घडले. अशा शंभर दिवसांपैकी साधारण सत्तर दिवस पाऊस पडला का, हे बघायचं. फक्त तिसालाच पडला तर खुशाल नावं ठेवा. निष्कर्ष खोटा निघाला म्हणजे विगमन कमकुवत होतं असं नाही, आणि खरा निघाला म्हणजे बळकट होतं असंही नाही. लॉटरी लागलेल्या माणसाचा हिशेब चूकच होता.

दोन्ही प्रकार एकत्र आलेलं खरंखुरं उदाहरण आहे का?

पुण्यातलंच आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्माच्या नोंदी जमवून पत्रिका तयार केल्या. भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कुठली कोणत्या गटातली ते सांगायला सांगितलं. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती. हे २००९ मध्ये 'करंट सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं.

सांगाडा निगामी आहे: पत्रिकेवरून बुद्धी कळत असेल, तर उत्तरं ५० टक्क्यांच्या बरीच वर जातील. ती गेली नाहीत. म्हणून तसं कळत नाही. भिडे पुलावरून वाहनं जात असण्याचाच साचा, वैध. पण "गेली नाहीत" हे आधारविधान विगामी आहे. २७ जणांवरून सगळ्या ज्योतिषांबद्दल, हजारभर निवाड्यांवरून सगळ्या पत्रिकांबद्दल बोलतोय.

बारकाईनं वाचणाऱ्यानं टोचायचं तर इथेच: उत्तर पाठवणारे ज्योतिषी आपल्या धंद्याचा चांगला नमुना होते का? मुद्दा योग्य आहे. पण ते स्वतःहून पुढे आलेले होते, म्हणजे पेटीचा वरचा थर असण्याचीच शक्यता जास्त. वरचा थरच असा निघाला, म्हणून माझ्या मते निष्कर्ष बळकट आहे. "एकाही ज्योतिषाला कधीच काही सांगता येणार नाही" एवढा मोठा घास मात्र या चाचणीनं घेतलेला नाही, आणि तो तिच्या तोंडी घालू नये.

गणितातलं विगमन हे विगमन आहे का?

नाव विगमन, काम निगमनाचं. पहिली पायरी सिद्ध केली, आणि कुठल्याही पायरीवरून पुढच्या पायरीवर जाता येतं हेही सिद्ध केलं, की सगळा जिना आला. निसटायला जागा नाही.

गणितात खरं विगमन केलं की काय होतं ते बघा. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. ० घेतलं तर ४१, १ घेतलं तर ४३, २ ला ४७, ३ ला ५३. सगळ्या मूळ संख्या. ३९ पर्यंत करत जा, चाळीसच्या चाळीस उत्तरं मूळ संख्याच येतात. चाळीस आंबे गोड! मग ४० घ्या: १६०० अधिक ४० अधिक ४१, म्हणजे १६८१. आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. हे ऑयलरचं सूत्र आहे आणि मुलांना ते फार आवडतं, कारण त्यात मास्तरही फसू शकतो.

"धूर आहे म्हणून अग्नी आहे" हे न्यायदर्शनातलं अनुमान कुठल्या प्रकारात बसतं?

सरळ कुठल्याच नाही, आणि ओढूनताणून बसवू नये. त्याचे पाच अवयव. प्रतिज्ञा: डोंगरावर अग्नी आहे. हेतू: कारण धूर आहे. उदाहरण: जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. उपनय: या डोंगरावरही तसाच धूर आहे. निगमन: म्हणून अग्नी आहे. (इथे "निगमन" हे पाचव्या अवयवाचं नाव आहे, परीक्षेत गल्लत करू नका.)

उदाहरणात जी व्याप्ती (म्हणजे "जिथे धूर तिथे अग्नी" हा कायमचा संबंध) सांगितली ती अनुभवातून आलेली, म्हणजे विगामी मुळं. ती मान्य केल्यावर डोंगरापर्यंत येणं निगामी. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, ही दोन कामं वेगळी काढत नाहीत, कारण त्यांना नुसत्या साच्यात रस नव्हता, खरं ज्ञान हवं होतं.

उलट दिशेची चूकही त्यांनी नेमकी पकडली होती. "अग्नी आहे म्हणून धूर असणार" हे चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. तळजाईच्या टेकडीवर धूर दिसला तर फायर ब्रिगेडला फोन करा, लोहाराच्या भात्याशी उभं राहून धूर शोधू नका.

आजवर असं झालं म्हणून पुढेही होईल, यावर मुळात विश्वास का ठेवायचा?

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं १७४८ मध्ये नेमकं हेच विचारलं. "आजवर विगमन चाललं, म्हणून पुढेही चालेल" असं उत्तर दिलंत तर तेही विगमनच झालं. चार्वाकांनी त्याच्या कितीतरी आधी व्याप्तीवर असाच संशय घेतला होता: सगळे धूर कुणी पाहिलेत? सगळ्यांना पटलेलं उत्तर आजही नाही. बारावीच्या पेपरात एवढं लिहिलंत तरी चालतं.

मुलगी अकरावी आर्ट्सला तर्कशास्त्र घेतेय. गणित कच्चं आहे, झेपेल का?

झेपेल. आकडेमोड जवळजवळ नाही, पण चिन्हं आणि सत्यताकोष्टकं (विधान कधी खरं, कधी खोटं ते दाखवणारे तक्ते) आहेत, आणि त्यांना रोज अर्धा तास द्यावा लागतो. डेमो लेक्चरला मुलीलाच पाठवा. पालक आले की प्रश्न तेच विचारतात.